सुतार आजोबांची आठवण लिहायची तर आधी त्यांची पेटी उघडा

आबा गेले तेव्हा बाराव्या दिवशी वाटायला एक पत्रक छापायचं ठरलं आणि मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं: कष्टाळू, मनमिळाऊ, नातवंडांवर जीव लावणारे. लोकांनी वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं. रात्री आवराआवर झाल्यावर मी ते पुन्हा वाचलं आणि गलबलून आलं. त्यातला एकही शब्द फक्त आबांचा नव्हता. वरचं नाव बदललं असतं तर तो कागद गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला चालला असता.

माझे आबा कुडाळजवळच्या एका वाडीतले सुतार. चौदा वर्षं कुवेतमध्ये राबले, १९९० मध्ये अंगावरच्या कपड्यांनिशी परत आले आणि पुढची तीसेक वर्षं घराच्या पडवीत रंधा मारता मारता त्यांनी आम्हा नातवंडांना वाढवलं. हे सगळं नीट कागदावर उतरवायला मला दीड वर्ष लागलं. त्या दीड वर्षात जे जमलं आणि जे हातचं गेलं, ते इथे सांगते आहे. तुमचे आजोबा गवंडी, लोहार, शिंपी असतील, आखाताऐवजी मुंबईला नाहीतर आफ्रिकेला गेले असतील, तरी यातलं बरंचसं तुमच्या उपयोगी पडेल.

पेटी आवरू नका

माणूस गेल्यावर घर आवरायची घाई होते. अवजारांची पेटी मात्र महिनाभर तरी आहे तशी राहू द्या. आमच्याकडे काकांनी कौतुकानं दोन पटाश्या घासूनपुसून लखलखीत केल्या. त्यांच्या मुठींवर आबांच्या घामानं चढलेला काळपट तुकतुकीत थर होता, तो पॉलिश पेपरनं निघून गेला. तो आता कशानंही परत येणार नाही.

पेटी उघडली की आधी वरून फोटो काढा. एकेक अवजार बाहेर काढताना प्रत्येक थराचा फोटो घ्या. कुठली वस्तू हाताशी होती आणि कुठली तळाला, यावरून शेवटच्या वर्षांत ते काय काम करत होते ते कळतं. आबांच्या पेटीत मोठी करवत तळाला होती आणि वर बारीक कानशी, छोटा रंधा, पॉलिशच्या चिंध्या. म्हणजे अलीकडे दारं-चौकटी संपल्या होत्या आणि खेळणी, पोळपाट, देव्हाऱ्यांची डागडुजी चालली होती.

मग एक वही घ्या आणि प्रत्येक अवजारापुढे चार गोष्टी लिहा: ते काय म्हणत ते नाव, माप, कुठल्या लाकडाचं, आणि कुठे झिजलंय. नाव त्यांच्याच तोंडचं हवं. आबा लाकडावर समांतर रेघ ओढायच्या अवजाराला 'खतकस' म्हणत. आमच्या भागातल्या दुसऱ्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींना विचारलं तर त्यांना तो शब्दच ठाऊक नव्हता. तो उत्तर हिंदुस्थानी सुतारांचा शब्द, कुवेतमधल्या एका खोलीत आबांबरोबर राहिलेल्या माणसांकडून आलेला. आजोबा कुणाच्या संगतीत जगले हे कधीकधी असं एका शब्दातच सापडतं, म्हणून नावं सुधारून 'शुद्ध' करू नका.

झीज वाचायला त्याच धंद्यातला माणूस लागतो. मी आबांचा रंधा घेऊन त्यांच्या हाताखाली शिकलेल्या एका मेस्त्रींकडे गेले. त्यांनी तो उलटा केला, तळावरून अंगठा फिरवला, मग पातं बाहेर काढून उजेडात धरलं. "ह्या पात्याचा आता अर्धाच उरला हा," म्हणाले. धार लावून लावून पातं निम्मं झालं होतं. तळाला पुढच्या बाजूला एक वेगळ्या रंगाची चौकोनी चकती होती. झिजलेला तेवढाच भाग कापून आबांनी तिथे शिसवीचा तुकडा बसवला होता, इतका घट्ट की नखसुद्धा अडकत नाही. नवा रंधा घेणं परवडत असतानाही त्यांनी हे केलं होतं. मेस्त्री बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, हा विकू नकोस.

पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं काही खुणा होत्या. एकाखाली एक पाच ओळी. पहिली १७ सारखी, दुसरी एक उभी रेघ आणि पुढे उलट्या तीनसारखं काहीतरी, तिसरी ११, चौथी ९, पाचवी पुन्हा इंग्रजी ७ सारखी. काका म्हणाले उधारीचा हिशोब असेल. मी फोटो काढला आणि पुढे गेले. त्याबद्दल नंतर सांगते.

अवजारं पुसायची वेळ येईल तेव्हा लोखंडाला शिलाई मशीनचं हलकं तेल लावा. खोबरेल लावू नका, ते काही महिन्यांनी चिकट होतं आणि धूळ धरतं. लाकडी मुठींना जवसाच्या तेलाचा पातळ हात पुरतो. त्या तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून पूर्ण वाळू द्या, मगच टाका.

तारखांचं भांडण कागदांनी मिटवा

आबा कुवेतला कधी गेले? काका म्हणत ७४, आत्या म्हणायची ७८. आजी म्हणायची, "तुझ्या बापाशीची मुंज झाली त्याच्या दुसऱ्या वर्षी." घरात असंच होणार. माणसांना आकडे आठवत नाहीत, प्रसंग आठवतात. तेव्हा प्रसंगाला प्रसंग जोडत जा. आत्याचा जन्म आम्ही असाच पक्का केला: कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती आजीच्या पोटात होती, आणि तो भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा.

पत्रांवर तारीख नसली किंवा शिक्का पुसट असला तरी पत्ता बोलतो. आपल्याकडे पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला, म्हणजे पत्त्यात पिन असेल तर पत्र त्यानंतरचं. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला वेगळा झाला. आबांच्या जुन्या पत्रांवर 'जि. रत्नागिरी' आहे, नंतरच्या पत्रांवर 'जि. सिंधुदुर्ग'. एवढ्यावर मी साठेक पत्रांचे दोन गठ्ठे केले. अर्थात नवा जिल्हा झाल्यावरही सवयीनं जुनं नाव लिहिणारे असतात, म्हणून सीमेवरची पत्रं वेगळी ठेवा.

शेवटी निकाल लावला तो पासपोर्टानं. जुने रद्द झालेले, कोपरे कापलेले पासपोर्ट फेकू नका. प्रत्येक पान, कोरं असलं तरी, दोन्ही बाजूंनी स्कॅन करा. शिक्क्यावरून कळलं की आबा १९७६ च्या डिसेंबरात गेले आणि बोटीनं गेले. मुंबईहून कराचीमार्गे आखातात जाणारी 'द्वारका' बोट १९८२ पर्यंत चालू होती. काका आणि आत्या, दोघंही चुकले होते आणि दोघंही थोडे हिरमुसले. वहीत मी तिन्ही सालं लिहिली, कुणाच्या तोंडची कुठली ते लिहिलं, आणि पक्की तारीख शेजारी. घरच्या माणसाची आठवण चुकली तरी ती खोडून टाकायची नसते.

इतिहास किती लिहायचा, हा प्रश्न येतोच. मी पहिल्या मसुद्यात युद्धावर चार पानं लिहिली होती. ती काढून टाकली. इतकंच ठेवलं: २ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या, आबा बसरा-बगदादमार्गे जॉर्डनच्या हद्दीपर्यंत पोचले, वाळवंटातल्या छावणीत राहिले आणि अम्मानहून एअर इंडियाच्या विमानानं मुंबईला आले. त्या दिवसांत तिथून लाखाहून जास्त माणसं अशी आणली गेली. बाकी सगळी जागा आबांची. छावणीत त्यांनी तंबूच्या मोडक्या खांबाला फळीची खपच्ची बांधून दिली आणि त्याबद्दल एका केरळी कुटुंबानं त्यांना पाव दिला, हे आजीनं सांगितलं. चार पानांपेक्षा ते मोलाचं.

एक कागद मात्र शोधाच. १९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी नुकसानभरपाईसाठी आयोग नेमला आणि कुवेतहून परतलेल्या आपल्या लोकांचे अर्ज सरकारमार्फत गेले. तुमच्या घरातलं कुणी त्या वेळी परतलं असेल तर अर्जाची नक्कल कुठेतरी असण्याची शक्यता आहे. आम्हाला ती ट्रंकेत, लग्नपत्रिकांच्या खाली सापडली. इंग्रजीत टाईप केलेली, पण बोलणारे आबाच होते हे ओळीओळीत कळतं. रंधे चार, पटाश्या अकरा, करवती तीन, गुण्या एक, मोगऱ्या दोन, टेबल फॅन, स्टोव्ह, तीन ब्लँकेटं. प्रत्येकापुढे किंमत. फक्त एका ओळीपुढे काही नाही: 'वाकस, वडिलांचा.' पणजोबांचा तो वाकस, म्हणजे लाकूड तासायचं अवजार, आबा बोटीतून घेऊन गेले होते आणि तो तिथेच राहिला. त्याची किंमत त्यांनी सांगितलीच नाही.

ही यादी मी घरी जमलेल्या सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली. असा कागद मिळाला तर एकट्यानं वाचून ठेवून देऊ नका. काकांना त्या ओळीशी आल्यावर आठवलं की आबा कुडाळच्या बाजारात कुठेही वाकस दिसला की हातात घेऊन बघायचे आणि परत ठेवायचे.

आवाज आधी वाचवा

आखातात माणूस असलेल्या घरांमध्ये त्या काळी पत्राबरोबर कॅसेटही यायची. शुक्रवारी सुट्टी, त्या दिवशी आबा बोलून ठेवायचे आणि गावी येणाऱ्या कुणाच्यातरी हाती पाठवायचे. तुमच्याकडे अशा कॅसेट असतील तर बाकी सगळं बाजूला ठेवून हे काम आधी करा. कोकणच्या हवेत फितीला बुरशी धरते आणि दरवर्षी आवाज आणखी उतरतो.

कॅसेटच्या वरच्या कडेला दोन चिमुकली प्लॅस्टिकची टोकं असतात. ती तोडून टाका, म्हणजे चुकून त्यावर दुसरं काही रेकॉर्ड होणार नाही. खिडकीतून फीत बघा. पांढरी पूड दिसली तर ती प्लेअरमध्ये घालू नका. प्लेअर खराब होतो आणि बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. तशी फीत जाणकाराकडे द्या. स्वच्छ असेल तर आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, मग वाजवा. फितीमागचा नमद्याचा बारीक तुकडा गळून पडलेला असतो, त्यामुळे आवाज खोल गेल्यासारखा येतो. दुसऱ्या कॅसेटचं स्क्रूवालं कवच घेऊन त्यात फीत बसवली की काम होतं. प्लेअरच्या हेडफोनच्या भोकातून वायर कॉम्प्युटरला जोडा, ऑडॅसिटीसारखं फुकटचं सॉफ्टवेअर वापरा आणि फाईल वेव्ह स्वरूपात ठेवा. खरखर काढायची असली तर नक्कल करून तिच्यावर काढा, मूळ फाईलला हात नको.

आणि उतरवून काढताना त्यांची बोली बदलू नका, हे मी कळवळून सांगते. मी पहिल्यांदा सगळं प्रमाण मराठीत लिहिलं आणि वाचल्यावर आबा कुठे दिसेचनात. मग पुन्हा ऐकून तसंच्या तसं लिहिलं. "आयकतंस मां?" ही त्यांची सुरुवात. आजीचं नाव ते कधीच घेत नाहीत. मागे कुणीतरी "या नज्जार!" अशी हाक मारतं. नज्जार म्हणजे अरबीत सुतार. आबा "येतंय" म्हणतात, मराठीतच, आणि पुन्हा बोलू लागतात: "बाय चलूक लागली काय? तिका पायरेर एकटी सोडू नुको." ती बाय मी. तेव्हा मी वर्षाची होते आणि ते मला अजून भेटलेही नव्हते.

त्यांनी केलेल्या वस्तू मोजायला जा

कारागिराचं आयुष्य लोकांच्या घरांत पसरलेलं असतं. मोजपट्टी, वही आणि फोन घेऊन घरोघर जा. दार, पाळणा, पलंग, देव्हारा, जे असेल त्याचं माप घ्या, सांध्यांचे जवळून फोटो काढा, खालून आणि मागूनही बघा. बघता बघता लोक बोलू लागतात. "तुमच्या आठवणी सांगा" असं विचारलं की सगळे 'देवमाणूस होते' म्हणतात आणि गप्प बसतात. "हे करताना ते कुठे बसायचे? जेवायला काय मागायचे? कुठलं लाकूड नको म्हणाले?" असं विचारा. वरच्या वाडीतल्या काकूंनी पाळण्याची कड दाखवून सांगितलं की लाकडातली गाठ जिथे आईचा हात पडतो तिथे येऊ नये म्हणून आबांनी फळी तीनदा फिरवून बघितली होती.

वाईटही ऐकायला मिळेल. त्यांच्याकडे शिकलेल्या एकानं सांगितलं की चुकीचं माप घेतलं म्हणून आबांनी त्याला गुण्यानं, म्हणजे काटकोन बघायच्या अवजारानं, हातावर मारलं होतं आणि तो दोन महिने कामावर आला नाही. मी ते लिहिलं. त्याची परवानगी घेतली, नाव घातलं नाही. आबांचा पासपोर्ट अडकवून तीन महिन्यांचा पगार बुडवणाऱ्या कंत्राटदाराचंही नाव घातलं नाही, पण गोष्ट पूर्ण लिहिली. नातवंडांवरची त्यांची माया खरी होती, तसा तो रागही खरा होता.

आता झाकणावरचे आकडे. आमच्या सोसायटीत सौदीत वीस वर्षं काढलेले एक चाचा राहतात. त्यांना सहज फोटो दाखवला. ते बघताच म्हणाले, "अगं, हे अरबी आकडे आहेत." त्यांच्यात सहा लिहितात तो आपल्याला इंग्रजी ७ वाटतो, आणि ते उलट्या तीनसारखं म्हणजे चार. म्हणजे ओळी अशा होत्या: १६, १४, ११, ९, ६. आबा गावात गिऱ्हाइकाशी फूट, इंच आणि सुतात बोलायचे, पण स्वतःसाठी टिपायचे ते सेंटिमीटरमध्ये आणि अरबी आकड्यांत. तीस वर्षांत हे आमच्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

पण कशाची मापं? त्याच रात्री मला सुचलं. मी दुसरीत असताना आबांनी मला अभ्यासाला टेबल करून दिलं होतं, मोठ्या माणसाच्या उंचीचं, पुढे कॉलेजपर्यंत पुरावं म्हणून. खुर्चीवर बसलं की माझे पाय लोंबकळायचे. त्यासाठी खाली पायांना एक पाट केला होता. दर गणपतीत ते मला खुर्चीवर बसवायचे, गुडघ्यामागे हात घालून बघायचे, "वायच थांब" म्हणायचे आणि पाट घेऊन पडवीत जायचे. परत आणायचे तेव्हा त्याचे पाय थोडे कापलेले असायचे. मला ते इतकं रोजचं वाटायचं की मी कधी विचारलंही नाही.

पाट गावच्या माळ्यावर आहे. पुढच्या शनिवारी जाऊन मापला. सहा सेंटिमीटर.

आजोबा अजून असतील तर

मग यातलं बहुतेक सोपं आहे, फक्त उद्यावर टाकू नका. त्यांना खुर्चीत बसवून मुलाखत घेऊ नका. हातात काहीतरी द्या: लाकडाचा तुकडा, जुनं कुलूप, मोडलेलं खेळणं. हात चालू लागले की बोलणंही येतं. सकाळी चहानंतरची वेळ चांगली. फोन विमान मोडवर ठेवा, पंखा बंद करा, फोन त्यांच्यापासून हातभर अंतरावर कापडाच्या घडीवर ठेवा. अर्धा-पाऊण तास पुरे. "कधी" पेक्षा "कसं" विचारा. कुसू, म्हणजे सांध्याच्या खाचेत बसणारं लाकडाचं टोक, किती ठेवायचं, फणसाचं लाकूड किती दिवस वाळवायचं, खोलीत किती जण झोपायचे, भात कोण रांधायचं. मला खोलीत किती जण होते ते कधीच कळणार नाही, कारण विचारायचं राहून गेलं.

लिहायला बसाल तेव्हा जन्मापासून सुरुवात करायची गरज नाही. मी त्या रंध्याच्या तळाला बसवलेल्या शिसवीच्या तुकड्यापासून केली. छापील प्रती किमान तीन घरांत ठेवा, फाईली दोन वेगवेगळ्या ठिकाणी. मूळ पत्रं आणि फोटो प्लॅस्टिकच्या चिकट अल्बमात घालू नका, कागदी पाकिटांत ठेवा आणि पाकिटावर मऊ पेन्सिलीनं लिहा. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि दर वर्षी बदला. देव्हाऱ्यापाशी नको, तेलाचा धूर लागतो.

झाकणावरची पेन्सिल पुसट होत चालली आहे. फोटो काढताना मी खोलीत अंधार करून टॉर्च अगदी बाजूनं, झाकणाला जवळजवळ टेकवून धरला. तिरप्या उजेडात पेन्सिलीचे दाब उठून दिसतात, समोरच्या उजेडात ते दिसत नाहीत. भावाला त्या पेटीला पॉलिश मारायचं आहे. बाहेरून खुशाल मार म्हटलंय, पण आतून हात लावायचा नाही.